मास्तरांचं रिव्हेरा

खटॅक! नकाशाची गुंडाळी सुटली की खालची दांडी भिंतीवर आपटायची, तो हा आवाज. म्हातारपणी कान गेले, पण तो काही गेला नाही. धारवाडच्या एका शाळेत मी शिपाई होतो. शाळेत किस्से धुळीसारखे साठतात. आज झाडून काढावेत, उद्या कोपऱ्यात तितकेच.

भूगोलाचे कुलकर्णी मास्तर कधी गप्प बसत नसत. नोकरी कच्ची, म्हणून बायको निपाणीला माहेरी. "कायम झालो की आणतो," हे ते दरवर्षी सांगत. आणि त्याहून जास्त सांगत ते दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हेरा गावाबद्दल.

"आधी ब्राझीलनं टेकड्यांत गाव वसवलं. मग उरुग्वेनं समोरच आपलं रिव्हेरा वसवलं, नजर ठेवायला. आता मधे नुसता रस्ता. रस्ता ओलांडला की देश बदलला, भाषा बदलली. कुंपण नाही, काही नाही."

*

गणिताचे मास्तर एकदा म्हणाले, "कुलकर्णी, एवढं सांगता, एकदा जाऊन तरी या."

"निघालोच होतो. पण हुबळीला गाडी बदलावी लागते. सामान उतरवा, परत चढवा. राहिलं."

*

वर्गात गुंड्या म्हणून एक पोरगा होता. तो म्हणाला, "मास्तर, आमच्या घरी पण तसंच. सोप्यात अप्पांचं मराठी, स्वयंपाकघरात अव्वाचं कन्नड."

"मग मधे कुंपण आहे का?"

"नाही. मधे आज्जी बसलेली असते."

*

एका वर्षी तपासणीला इन्स्पेक्टर आले. मास्तरांना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्याच हातात होतं. मास्तरांनी अर्थातच रिव्हेरा काढलं.

आता कन्नडात गडी म्हणजे सीमा. मराठीत गडी म्हणजे मी.

इन्स्पेक्टर कन्नड माणूस. नकाशाकडे बोट करून त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "गडी एल्लि?" पोरगा साताऱ्याहून नवीन आलेला. एल्लि म्हणजे कुठं, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं दाराकडे हात केला.

"तो काय, दारात उभा आहे."

मास्तरांच्या हातातला खडू मोडला. इन्स्पेक्टर सावकाश माझ्यापाशी आले, मला खालवर पाहिलं.

"तर ही सीमा."

"होय साहेब."

"ओलांडू का?"

इतकी वर्षं तोच धडा ऐकलेला, तोंडातून निघून गेलं, "ओलांडा की साहेब. कुंपण नाही."

इन्स्पेक्टर इतके हसले, की हेडमास्तरांनाही हसावं लागलं.

*

दिवाळीआधी मास्तर कायम झाल्याचा हुकूम आला. त्यानंतर एकदा दुपारी रिव्हेराच चाललं होतं. "आणि रस्त्याच्या पलीकडे, मुलांनो..." मास्तर इथवर आले होते, तेवढ्यात मी दारात जाऊन सांगितलं, "मास्तर, निपाणीहून वैनी आल्यात. ट्रंक घेऊन फाटकाशी उभ्या आहेत."

मग गुंड्यानं विचारलं, "पलीकडं काय, मास्तर?"

मास्तरांनी खडू कोटाच्या खिशात टाकला, टोपी सारखी केली, आणि एक शब्द न बोलता फाटकाकडे चालू लागले.