करंगळीवरचा सा

दवाखान्यातनं फोन आला तेव्हा मी घरी सुमनसाठी पेज गाळत होतो. "लवकर या," एवढंच म्हणाले. पातेलं तसंच टाकून निघालो... पोचलो तेव्हा ती गेली होती. सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, बायकोच्या फिडलबद्दल, म्हणजे व्हायोलिनबद्दल, काहीतरी लिहा. मी जन्मभर लेथवर लोखंड कातलं, सुरातलं मला कळत नाही. पण तिचा डावा हात माझ्याइतका कुणी बघितला नाही, आणि त्या हाताचा अपमान केला तोही मीच. तेच लिहितो.

तीस वर्षं ती इथल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होती. गायक आपल्या गळ्याप्रमाणं पट्टी मागतो. कीबोर्डवाल्यानं बटण दाबलं की झालं, फिडलवाल्याला बोटं बदलावी लागतात. पांढरी एक ही पट्टी सोपी. चारी तारा मोकळ्या वाजतात, बोटांना विसावा मिळतो. काळी एक म्हणजे छळ, मोकळी तार एकही कामाची नाही. सुमन पंजा खुंट्यांच्या अंगाला अर्धं बोट मागं सरकवायची, मग खालचा सा यायचा जाड तारेवर, करंगळीवर. पांढरीत तोच सा तिसऱ्या बोटावर येतो. भाकऱ्या झाल्या की रोज अर्धा तास तेवढी करंगळीच घासायची. मी ओरडायचो, "अगं, दुसरं काय येतंय का न्हाई तुला?" ती म्हणायची, "तुमच्या लेथपेक्षा बरं वाजतंय की!"

गेल्या वर्षी ती करंगळी आखडली. सकाळी कपाचा कान धरवेना. त्यातच गणपतीत पेठ वडगावचा कार्यक्रम आला. आमचा गायक दिलीप, त्याचं गाणं काळी एकमधलं, आणि सुरुवातीला एकट्या फिडलचा तुकडा, उतरत उतरत त्याच सावर संपणारा. मला भ्या वाटलं. चारचौघांत हिचं हसं होईल... तिला न विचारता मी दिलीपला स्टेजमागं गाठलं. "अर्ध्या सुरानं उतर. पांढरी एकमधनं गा."

"वैनींस्नी सांगितलंय न्हवं?"

"सूर दिला की कळंल तिला. तू गा की!"

कीबोर्डवाल्यानं पांढरी एक दिली. सुमननं त्याच्याकडं बघितलं, दिलीपकडं बघितलं, मग पहिल्या रांगेत माझ्याकडं. तिला सगळं कळलं. तिनं पंजा मागं सरकवला आणि काळी एकमध्येच सुरू केलं. आता तुकडा संपायच्या आत कीबोर्डवाल्यानं बटण फिरवलं नाही तर दिलीपनं तोंड उघडताच सगळा बट्ट्याबोळ. तो वाकून बटणं चाचपत होता. इकडं सूर उतरत आले... करंगळी जाड तारेकडं निघाली आणि अर्ध्यात अडकली. मांडव गप्प. मग ती तारेवर बसली. सा लागला, कीबोर्डवाल्यालाही बटण सापडलं, आणि दिलीपनं तोच सा धरून गाणं उचललं.

येताना स्कूटरवर पंचगंगेचा पूल आला. तिथं ती म्हणाली, "सा जरा कमीच लागला."

"न्हाई गं, झकास लागला."

"तुम्हांला काय कळतंय त्यातलं? कमी लागला. पण माझा हुता. चुकले असते तर चुकू द्यायचं हुतं मला."

चुकलो, म्हणायला पाहिजे होतं. मी नुसती गाडी रेटली. पुढं पोटाचं दुखणं निघालं, दवाखाने सुरू झाले, आणि ते म्हणायचं राहूनच गेलं.

परवा दिलीप भेटायला आला. "दादा, फिडल आता पडूनच ऱ्हाणार. तारा ढिल्या करून ठेवा, न्हाईतर ताणानं मान वाकती." शहाणपणाचंच बोलला. तो गेल्यावर पेटी उघडली आणि जाड तारेची खुंटी पिळली. तार कण्हत खाली आली... मी खुंटीवरनं हात काढला. सूर किती उतरला ते मला कळलं नाही. परत तिला न विचारता उतरवतोय, एवढं कळलं.

दिलीपला फोन लावला. "फिर माघारी. तार हुती तिथं चढवून दे."

"अहो दादा, मान वाकंल की!"

"वाकू दे."