लाईट गेल्यावरचा नंबर

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्यांचे निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. एक बाबा, दुसरा हैदराबादला गेलेला माझा मोठा भाऊ. आम्ही चिमूरला राहायचो. बाबा मच्छीमार सोसायटीचे सचिव. तळ्यांचे लिलाव, जाळी, मासळीची वाटणी यातच त्यांचा जन्म गेला. भावाने कॉम्प्युटर शिकून सोसायटीचं काम पाहावं अशी त्यांची फार इच्छा. तो शिकला आणि नोकरी धरून निघून गेला. जाताना अंगणात जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. हट्टाचा वाटा मात्र बापलेकांना अगदी सारखा मिळाला होता.

तालुक्याला ब्रॉडबँड आलं तेव्हा भावाने एक जुना कॉम्प्युटर ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून पाठवला. त्यावर त्याने सोसायटीची वेबसाइट बसवून दिली होती. कुठल्या तळ्यात कधी जाळं पडणार, मरळ निघाली की रोहू, झिंगे आहेत की नाहीत, असं सगळं. दुसऱ्याच्या मशिनवर भाड्याने ठेवायची नाही, आपल्याच घरून चालवायची, म्हणजे बाबांना वाटेल तेव्हा फोटो टाकता येतील, असं त्याचं म्हणणं. वेबसाइटला आमच्या तळ्याचंच नाव दिलं होतं. ते नाव त्याने स्वतः विकत घेतलं होतं आणि हैदराबादेत बसून तोच सांभाळायचा.

पण नुसतं नाव असून भागत नाही. ते आपल्या घरच्या कनेक्शनच्या नंबराकडे वळवून द्यावं लागतं, तेव्हा कुठे बाहेरचा माणूस आपल्या दारात पोचतो. आणि आमचा नंबर काही टिकत नव्हता. लाईट गेली की मोडेम बंद. लाईट आली की मोडेम नवा नंबर घेऊन उठणार आणि नाव बिचारं जुन्याच नंबराकडे बोट दाखवत राहणार. त्या वर्षांत लोडशेडिंगने आमच्या भागाचे काय हाल केले होते ते वेगळं सांगायला नको. दर वेळी मी हैदराबादला फोन लावायचा, नवा नंबर सांगायचा आणि भावाने तिकडून नाव वळवून द्यायचं.

बाबा शेजारी उभे राहून ऐकायचे. मध्येच मला म्हणायचे, त्याले सांग, मरळीचा फोटो आडवा दिसून राह्यला. भावाला ते तिकडे स्वच्छ ऐकू जायचं, तरी मी पुन्हा सांगितल्याशिवाय तो उत्तर द्यायचा नाही. मग म्हणायचा, बाबांना सांग, नीट करतो. बाबांनाही ते ऐकू आलेलं असायचं. तरी मी सांगायचंच.

एका दुपारी मी मासे साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले. लाईट आली आणि बाबांनी हाक मारली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नंबर स्क्रीनवर आहे, फोन टेबलावर आहे, तोंड तुमचं तुमच्याजवळ आहे. मी उठत नाही. आत खुर्ची सरकली. मग फोनची बटणं दाबल्याचं ऐकू आलं, आणि बाबा वाचू लागले, एकेक आकडा सावकाश, मधल्या टिंबांसकट. भावाने तो परत वाचून दाखवला असावा, कारण बाबा "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मी मासे तसेच ठेवून बसून राहिले. मला इतकं बरं वाटलं होतं की कुणाशी बोलावंसं वाटेना.

पुढे पुढे नंबराला शेपूट फुटत गेलं. तळ्यात पाणी कुठवर आहे, तिकडे जेवायला काय मिळतं, आईचा गुडघा कसा आहे. आधी नंबर, मग बाकीचं, हा क्रम मात्र कोणी मोडला नाही. नंबर बदलला नाही त्या दिवशी फोनही नसायचा.

मी तेव्हा दर रविवारी चंद्रपूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. तिथे कळलं की एक फुकटचा प्रोग्राम मिळतो. नंबर बदलला की तो आपसूक नाव तिकडे वळवतो, कुणी कुणाला फोन करायला नको. मी मोठ्या ऐटीत भावाला हे सांगितलं.

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "पहिल्यापासून माहीत हाये."

"मंग लावला काऊन नाई?"

"मंग बाबा मले फोन कायले करतील?"

इतके दिवस मला राबवून घेतलं म्हणून मी त्याच्यावर भयंकर चिडले. पण तो प्रोग्राम मीही लावला नाही.

मग निवडणूक आली. निवडणुकीत लाईट जात नाही हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. दिवसामागून दिवस गेले, लाईट हलेना. वेबसाइट कधी नव्हे ती अखंड चालली होती आणि बाबांचं तोंड उतरलेलं. येता-जाता कॉम्प्युटरपाशी थांबायचे, नंबर पाहायचे, तोच असायचा. शेवटी त्यांनी मला विचारलं की लाईट काऊन नाई जाऊन राह्यली. असली तक्रार आमच्या घरात पहिल्यांदाच होत होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर बाबा पाठमोरे वाकले होते. मी दाराशीच थांबले. त्यांनी मोडेमची पिन काढली, थोडा वेळ हातात धरून ठेवली आणि परत लावली. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. स्क्रीनवरचा नवा नंबर बघितला आणि फोन उचलला.

"लाईट गेली होती," ते भावाला म्हणाले. "लिहून घे."

त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.