छबिलीच्या दिवशी ऐकलेला शब्द

त्या उन्हाळ्यात दत्तगुरूंवर माझा विश्वास उरला होता की नुसता राग, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. गुरुवारचा उपवास चालू होता, पण हात जोडले की तोंडातून भांडणच निघे. "काय चाललंय तुझं? दिसत नाही का तुला?"

मिस्टर हवाई दलात, बदली चंदीगडला. आमच्या घराण्यात पहिली बी.ए. मी, क्वार्टरच्या भिंतींकडे बघत राहणं मला जमणारं नव्हतं. परदेशी शर्ट पाठवणाऱ्या एका कारखान्यात चेकिंगची नोकरी धरली. नव्वदीची ती वर्षं. असे कारखाने भराभर निघत होते आणि त्यांना बायका हव्याच होत्या, फक्त माणसासारख्या नको होत्या. शिवणाऱ्यांना मशीनपुढे स्टूल तरी असे. आम्ही चेकिंगवाल्या दिवसभर टेबलाशी उभ्या. बसलं की नजर झोपते, असा सुपरवायझरचा शोध! बाथरूमला जायचं तरी त्याला विचारून. वर टोमणा, "बी.ए. मैडम, धागा काटने की डिग्री नहीं ली क्या?" शेजारची परमजीत दबक्या आवाजात म्हणे, "दीदी, इसको घर में कोई बोलने नहीं देता, सारा यहाँ निकालता है."

मला पाचवा महिना होता. आधीचं एक मूल राहिलं नव्हतं. फार उभं राहू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण दिवस गेल्याचं कळलं की कारखान्यात उद्यापासून येऊ नका म्हणत. आणि आपण होऊन सोडायची मला लाज वाटे. पोरगी एक्स्पोर्टमध्ये आहे असं वडील गावभर सांगत होते. ओढणी सैल सोडून मी उभी राही आणि देवाकडे बळ मागे. दुसरं काही मागायचं सुचतच नव्हतं.

जूनमध्ये छबिलीचा दिवस आला. रणरणत्या उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध घातलेलं गार गुलाबी सरबत पाजायची ही इथली पद्धत. जवळच्या गुरुद्वाऱ्यातल्या बायका बादल्या घेऊन थेट आत आल्या. आमचा माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. माझ्या पायांत गोळे आलेले, कान बधिर. एक म्हातारी सरदारीण माझ्यापुढे ग्लास धरते, तोच मागून सुपरवायझर ओरडला, "पीना बाद में, हाथ चलाओ!"

म्हातारी म्हणाली, "बस, पुत्तर, बस."

मी बसले. तिथंच, फरशीवर. माझी आई म्हणेल तसंच ऐकू आलं मला: बस, पोरी, बस. आणि बसल्या बसल्याच डोळ्यांपुढे अंधार आला. उभी असते तर टेबलाच्या लोखंडी कडेवर पोटावरच आदळले असते.

शुद्धीवर आले तेव्हा डोकं परमजीतच्या मांडीवर होतं. सुपरवायझर "उठाओ इसको" करत होता. ती हलली नाही. टेबलावरचे शर्ट खाली ओढून तिथंच तपासायला लागली. मग दुसरी बसली, मग अख्खं टेबल. सगळ्यांना घरी घालवलं तर माल कोण काढणार? माझं पोट त्याच्या लक्षात आलंच असणार, पण इतक्या जणींशी भांडायला तो धजला नाही. दुसऱ्या दिवशी बाकं आली. "लो महारानियो, बैठो," म्हणाला. बसलो.

परमजीत नंतर हसून हसून वाकडी. "दीदी, बीजी तो उसको चुप करा रही थी! आपको थोड़ी बोला!" बीजी म्हणजे ती म्हातारी. आता इतकी वर्षं हिंदी बोलणारी मी, 'बस' म्हणजे 'पुरे' हे काय मला ठाऊक नव्हतं? पण त्या क्षणी मराठीच ऐकू आलं. म्हातारी कोण, कुठली, हे विचारूनही कळलं नाही.

मुलगी झाली, सुखरूप. दत्तगुरूंशी माझं भांडण अजून होतं, स्वभावच तसा. पण मला काय द्यावं, हे आता मी त्यांना शिकवत नाही. द्यायचं ते देतात, परक्या बाईच्या तोंडून, अगदी दुसऱ्याला उद्देशून का होईना. मला ऐकू आलं, एवढ्याचेच रोज आभार मानते.