जुरीबाईचा खोकला

गेल्या रविवारी चंद्रपुरात, महिला मंडळाच्या भर कार्यक्रमात, मी एका परदेशी पाहुणीसमोर मुद्दाम खोकले. नात माझ्याकडे बघतच राहिली... आजीला झालं तरी काय! तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

पाहुणी घानाच्या उत्तर भागातली, नाव अमिना. तिच्या गावातल्या बायकांनी मिळून एक छोटीशी संघटना उभी केली आहे. एखाद्या म्हातारीवर चेटकीण असल्याचा आळ आला, की या तिच्या बाजूनं उभ्या राहतात. नात एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि माझ्या अंगावर काटा येत होता... कारण हे मी पाहिलेलं होतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच, म्हणजे आताचा चंद्रपूर. वडील फॉरेस्ट गार्ड, एटापल्लीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावात बदली झालेली. मी असेन सात-आठ वर्षांची.

गावाच्या टोकाला जुरीबाई नावाची विधवा एकटी राहायची. तिला जुना खोकला होता... दोनदा कोरडा, आणि मग शीळ घातल्यासारखा लांब श्वास. मी दिसले की पदराखालून मूठ पुढे करायची, तीत चारोळ्या असायच्या. हातावर कोपरापर्यंत गोंदण.

त्या वर्षी तापाची साथ आली, गावातली पोरं दगावली. पुजाऱ्यानं कौल लावला आणि जुरीबाईचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं काठ्या घेऊन गेली, तर झोपडी रिकामी! नाल्याजवळ तिचं फाटकं लुगडं सापडलं. वाघानं नेलं, म्हणाले सगळे, आणि सुटल्यासारखे घरी गेले.

मी मात्र खूप रडले.

मग चार-दोन दिवसांनी, भर दुपारी, कुर्माघरातून तो खोकला ऐकू आला.

कुर्माघर म्हणजे गावाबाहेरची खोपटी. पाळीच्या दिवसांत बायकांनी तिथं राहायचं, पुरुषानं तिची सावलीही घ्यायची नाही. पावसात गळायची, साप निघायचे... चांगली जागा नव्हतीच ती. तिथून खोकला आला. दोनदा कोरडा, मग शीळ.

पुजारी वडिलांना सांगायला आला, मोडक्यातोडक्या मराठीत. "गारड भाऊ, तिकडे जाऊ नोका. जुरी मेल्यावर बी खोकून राह्यली."

वडील त्याला हसले खरे, पण त्या दिवसापासून राउंडला वळसा घालून जायला लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण आठवड्याभरात विहिरीवर पाणी भरणारी एक बाई तसंच खोकली. मग मोहाच्या झाडाखाली दुसरी. मग भात कांडताना तिघी एकदम... तोच खोकला, तीच शीळ. पुरुष घाबरून एकमेकांकडे बघायचे. जुरी गावातल्या बायकांच्या अंगात शिरली, असं उघड बोललं जाऊ लागलं.

आणि एका संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना माझी आई खोकली. दोनदा कोरडा, मग शीळ.

मी किंचाळलेच. "आई, तू अशी काऊन खोकतेस?"

"धूर गेला मले. तू जेव मुकाट्यानं." तिनं मान वर केली नाही. चुलीत तर नुसते निखारे होते, धूर कुठला! त्यानंतर कितीतरी दिवस आईच्या कुशीत शिरायची मला भीती वाटायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका एकदम निघाल्या. डोक्यावर टोपल्या, पदर पार नाकापर्यंत ओढलेले. आईनं माझा हात धरला आणि तीही रांगेत शिरली. कोणी बोलेना... नुसता खोकला, पुढून मागे, मागून पुढे. रस्त्यावरची माणसं काठ्या घेतल्या हातांनी बाजूला झाली आणि खाली बघत उभी राहिली. पुजाऱ्यानं तर तोंड फिरवलं.

गाव मागे पडलं, साग दाट झाले. तेवढ्यात माझ्यापुढे चालणाऱ्या बाईचा हात मागे आला, कोपरापर्यंत गोंदलेला. मूठ उघडली. आत चारोळ्या.

मेलेली माणसं चारोळ्या देत नाहीत, एवढं मला त्या वयातही कळलं.

पुढे मोठेपणी त्यांतल्याच एकीनं मला सांगितलं... कौल लागला त्याच रात्री बायकांनी तिला कुर्माघरात नेऊन ठेवलं होतं. लुगडंही त्यांनीच फाडून टाकलेलं. पण तिचा खोकला लपवता येईना... म्हणून सगळ्यांनी तो वाटून घेतला. आता तिचा कोणता आणि भुताचा कोणता, ओळखणार कोण? बायकांचा निरोप मिळून बाजारात तिचा भाऊ आला होता, तो तिला पल्याडच्या त्याच्या गावी घेऊन गेला. पुढे कितीतरी वर्षं जगली ती.

त्या बायकांची संघटना नव्हती, नाव नव्हतं, कोणी भाषण केलं नव्हतं. आईनं तर हा विषय मरेपर्यंत काढला नाही.

तर रविवारी अमिना म्हणाली, त्यांच्याकडे आसऱ्याला असलेल्या एका म्हातारीला आता तिच्या स्वतःच्या घरी परत न्यायचंय. सोबत चालायला बायका हव्यात. पण एकेक दिवस मजुरी बुडते, घरी चूल पेटत नाही, म्हणून इच्छा असून येता येत नाही. तेव्हा मला राहवेना, मी खोकले. नातीमार्फत जुरीबाईची गोष्ट तिला थोडक्यात सांगितली. अमिना डोळे मिटून खोकली... दोनदा कोरडा, मग शीळ. इतका हुबेहूब, की माझा हात आपोआप चारोळ्यांसाठी पुढे झाला.

आमच्या महिला मंडळानं ठरवलंय, त्या बायका चालतील त्या दिवशी त्यांची बुडालेली मजुरी वर्गणी काढून पाठवायची, त्यांच्या घरातल्या चुलींची काळजी आपण घ्यायची. ज्यांना या वर्गणीत यायचंय त्यांनी मला सांगा. माझे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत... पण खोकायला मी अजून आहे.