मृगजळाला निघालेला राजा

ऐंशीच्या दशकात मी नागभीडजवळच्या एका गावात शिक्षिका होते. तिथल्या शिंप्याला चूक म्हणून खपायची नाही. टाका जरा वाकडा गेला की गिऱ्हाइकासमोरच अख्खी शिवण उसवायचा. "बाई, चुकलं म्हंजे चुकलं!" हे म्हणताना आणि हसतानाही ओठांतली टाचणी पडायची नाही.

एवढ्या हसऱ्या माणसाचा बापाशी मात्र अबोला होता. बाप गावच्या दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, राजा व्हायचा आणि "प्रधानजी, आम्ही मृगयेला निघालो" याऐवजी दरवर्षी "मृगजळाला निघालो" म्हणायचा. गाव हसून लोळायचं. शाळेत पोरं याला 'मृगजळ' म्हणूनच हाक मारायची. मोठेपणी यानं बापाला शब्द सुधारायला सांगितलं. "काऊन सुधरवू? लोक त्याच्यासाठीच येतेत," बाप म्हणाला. झालं, एका अंगणात दोन चुली पेटल्या.

बाप गेला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, गावानं मुकुट याच्या डोक्यावर ठेवला. तालमीत तो 'मृगया' अगदी स्वच्छ म्हणायचा. पण मंडईच्या भर दुपारी त्यानं बापासारखी मान तिरकी केली, मिशीला पीळ दिला आणि गरजला, "प्रधानजी, आम्ही मृगजळाला निघालो!"

टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. म्हाताऱ्या हसता हसता डोळे पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेले. "काय भाऊ, काल शब्द चुकला ना?"

त्यानं ओठांतली टाचणी काढून ठेवली.

"नाई बाई. आमच्या घरी शिकारीले असंच म्हनतेत."