नारळाखालचे आबा

मी कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागात काम करते. इंदापूरकडच्या एका गावात बायकांना मातीचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवत होते. ज्या बाईच्या रानात जमलो होतो, तिथल्या कोपऱ्यातल्या नारळाकडे मी वळले, तशी ती आडवी आली.

"तितं नको मॅडम. तितं आबा हायत."

आबा म्हणजे तिचे सासरे. नदी घाण व्हायला नको म्हणून घरच्यांनी त्यांची राख रानातच पुरून वर नारळ लावला होता. मी तो कोपरा सोडला आणि बाकी रानातून दहा ठिकाणची माती घेतली.

तपासणीच्या अहवालात पालाश, म्हणजे पोटॅश, शेजारच्या रानांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. राखेत पालाश असतं, हे मीच बायकांना सांगितलेलं. आमचीच चूक असणार म्हणून चिडून मी पुन्हा नमुना घेतला. पुन्हा तेच.

"त्या कोपऱ्यातली चिमूटभरही माती घेतली नव्हती," मी तिला म्हटलं.

ती उसाला पाणी देत होती. हातातलं खोरं न थांबवता म्हणाली, "आबांना एका जागी बसायची सवयच न्हवती."

पाणी अजून पोचलं नव्हतं त्या कोरड्या सऱ्यांतूनही मी बांधापर्यंत चपला हातात घेऊन गेले.