भागीरथीची सतरंजी

भागीरथी उभ्या माणसाशी बोलत नसे. दारात पाटील येवो, भाजीवाली येवो, की जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्यावरचा जमादार येवो, ती आधी सतरंजी अंथरायची आणि पदर कपाळापर्यंत ओढून म्हणायची, "बसा. उभ्या मानसाशी बोलून माझी मान दुखती." आलेला बसला की मग तीही बसायची, त्याच सतरंजीवर, त्याच्या समोर. पाटलाला वर बाज नाही आणि भाजीवालीला खाली उंबरा नाही. सून असून पाटलासमोर बसते म्हणून गावात बरंच बोललं गेलं. तिने ते ऐकलं आणि बसतच राहिली.

आता ती सतरंजी कुणाची, हे आधीच सांगून टाकते. माझी. माझ्या लग्नात आईने घनसावंगीहून दिलेली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. एका कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने तुळस काढली होती. भागीरथी माझी धाकटी जाऊ. माझ्यामागून तीन वर्षांनी त्या घरात आली आणि सहा महिन्यांत घर तिचं झालं. मी जळत होते, हेही आधीच सांगते. उगाच शेवटी कबूल करायला नको.

आमचं सासर भोकरदन तालुक्यातलं, अगदी शिवेवरचं. नदीच्या अल्याड मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. पल्याड वऱ्हाड, तिथे आधी इंग्रजाचा अंमल आणि पुढे हिंदुस्थानचा. भागीरथीचं माहेर पल्याडच्याच गावात. माळवदावर चढली की तिला आईच्या चुलीचा धूर दिसायचा. माझं माहेर बैलगाडीने तीन दिवसांवर. दोन-दोन वर्षं मला आईचं तोंड दिसत नसे, आणि ही बाई भाकरी थापता थापता वर जाऊन यायची आणि सांगायची, "आमच्या घरी आज उशिरा पेटली चूल." मला वाटायचं, देवाने हिला सगळंच हाताशी दिलंय.

त्यात ती चार यत्ता शिकलेली. वऱ्हाडात मराठी शाळा होती. आमच्याकडे शाळा होती ती उर्दू, आणि तीही मुलांची. सासूबाई दुपारी तिच्याकडून पोथी वाचून घ्यायच्या. मी बाजूला वाती वळत बसायची आणि तिचं बोट कोणत्या अक्षरावर फिरतं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. असं करत मी वाचायला शिकले. कुणी शिकवलं म्हणून नाही. जळून शिकले.

तिचं डोकं कसं चालायचं ते सांगते. आमच्या गावची देवी आणि पल्याडची देवी सख्ख्या बहिणी, असं दोन्ही गावं मानत. वर्षातून एकदा ओटी जायची. पण थोरली कोण? धाकटीच्या गावाने आधी ओटी घेऊन यायचं, असा रिवाज. आणि दोन्ही गावं म्हणत, थोरली आमची. दर वर्षी नदीत भांडण, एकदा तर डोकी फुटली. भागीरथी आली त्याच वर्षी सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, जुळ्या म्हना की." सासूबाईंनी ते पाटलीणबाईंच्या कानावर घातलं, तिथून ते चावडीवर गेलं. एक म्हातारा म्हणाला, जुळ्यांतली बी एक आधी येती. भागीरथीने उत्तर धाडलं, "मंग त्या सुईनीला बोलवून आना." सगळे हसले. तेव्हापासून दोन्हीकडून ओट्या एकाच वेळी निघू लागल्या; नदीच्या मध्यावर बायका भेटायच्या, एकमेकींना कुंकू लावायच्या आणि मग पुढे जायच्या.

आमच्याकडून ओटीचं ताट न्यायचा मान थोरल्या सुनेचा. म्हणजे माझा. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "भागीरथीच्या हाती देऊ, तिला पल्याडचे वळखतात." मी बरं म्हणाले आणि आत जाऊन दोन तास जोंधळे पाखडले. पाखडलेलेच परत पाखडले.

मग ते साल आलं. इंग्रज गेला आणि निजाम सरकारने जाहीर केलं की आम्ही कुणाचे नाही, आमचं राज्य वेगळं. पल्याड माळावर निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांची छावणी पडली. अल्याड नाक्यावर हत्यारबंद माणसं वाढली. एकदा त्या पोरांनी नाका जाळला. त्याचा राग म्हणून जमादाराने आमच्याच माणसांना पुढे घालून पल्याडची बैलं धरायला लावली. ती बिचारी नेहमीसारखी आमच्या गायरानात चरत होती. सात जोड्या आमच्या कोंडवाड्यात आल्या. पल्याडच्यांनी दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्या टाकून नदीतला डोह अडवला. वैशाख होता. आमच्या विहिरी कोरड्या, अख्खं गाव त्या एका डोहावर जगत होतं. त्यांना बैलांशिवाय मृगाची पेरणी नाही, आम्हाला डोहाशिवाय घोट नाही. आणि दोघंही म्हणत, आधी तुम्ही.

आम्ही वाळूत झिरे खणले. गढूळ पाणी यायचं. माझी मुलगी दोन वर्षांची, तिचं पोट बिघडलं, डोळे खोल गेले. भागीरथी स्वतःच्या वाट्याचं पाणी रात्रभर निवळत ठेवायची आणि सकाळी माझ्या मुलीला पाजायची. मुलगी तिच्याकडेच झेपावायची. बघा, उपकारही असे करायची की आपल्याला नीट रागावताही येऊ नये.

चार दिवसांनी तिने दोन्ही गावांच्या पाटलांना निरोप दिले की नदीत या, बोलू. सगळे यायला कबूल झाले. निघताना ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. "आक्का, सतरंजी देता का?" मी म्हणाले, धुवायला दिली आहे. धुवायला! प्यायला पाणी नव्हतं त्या गावात. सतरंजी मी कणगीमागे कोंबली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, "बरं" म्हणाली आणि तशीच गेली.

त्या दिवशी काय झालं ते तिथे गेलेल्यांकडून कळलं. बसायला काही नाही म्हणून आमच्या पाटलांनी आपली गादी मागवली आणि तिच्यावर बसले. पल्याडचे पाटील घोड्यावरून आले, गादी बघितली आणि घोड्यावरच राहिले. म्हणाले, "ह्यो गादीव आन् मी वाळूत? मी काय ह्याची रयत हाये?" आमचे म्हणाले, घोड्यावरच्याला पाणी मागणं म्हणजे भीक मागणं झालं. दोघेही परत फिरले. पाण्याचा शब्दसुद्धा निघाला नाही.

भागीरथी घरी येऊन ओसरीवर बसली. म्हणाली, "बसायलाच जागा न्हाई झाली, आक्का." एवढंच. सतरंजीचं नाव काढलं नाही. आत माझी मुलगी कण्हत होती.

दुसऱ्या दिवशी मी सतरंजी नदीवर नेली. लोक म्हणतात, थोरलीचं मन पालटलं. खोटं कशाला लिहू? सासूबाई सहज म्हणाल्या की भागीरथीने दोन्ही पाटलांना आज पुन्हा नदीत बोलावलंय, सतरंजी शेजारच्या मारवाडी काकूंकडून मागून घेणार आहे. माझी निळी-पांढरी घरात असताना परक्याची सतरंजी गावाच्या कामी येणार? मुलीचा जीव होताच, पण पाय उचलला तो या जळफळाटाने. कणगीमागून काढली, झटकली, डोक्यावर घेतली आणि भर उन्हात चालत गेले. भागीरथी वाळूत उभी होती. मला बघून तिने विचारलं नाही की धुऊन आली का. दोन्ही हातांनी घेतली, शिवेचा दगड बघून बरोबर अंथरली. निम्मी अल्याड, निम्मी पल्याड. माझी तुळस पल्याडच्या कोपऱ्यात गेली, तेही मला खुपलं.

आमच्या पाटलांचा गडी गादी घेऊन आला होता. भागीरथी पाटलांना म्हणाली, "मामंजी, गादी उन्हानं तापती. हिथं बसा." ते बसले. मग पल्याडचे पाटील घोड्यावरून उतरले, जोडा काढला आणि बसले. छावणीतला एक तरुण त्यांच्यामागे उभा होता. तिने त्यालाही बसवलं. मी पदर ओढून काठावर बसले. काठावर का होईना, माझ्याच सतरंजीवर.

तो तरुण म्हणाला, "आधी तुमच्या चावडीवर आमचा झेंडा लावा, मंग पानी." आमचे पाटील म्हणाले, "जमादार म्हनतो, पल्याडच्यांनी आधी कागद लिहून द्यावा, आम्ही निजाम सरकारची रयत म्हनून. मंग बैलं."

भागीरथीने सतरंजीची एक चुणी हाताने सरळ केली. मग म्हणाली, "म्हंजी दोघांला बी दुसऱ्याला मांडीवर घ्यायचंय. मांडीवर बसवलेलं मानूस न्हाई निभत दादा, आन् बसवनाऱ्याची मांडी आखडती. शेजारी बसा. झेंडा तुमच्या खांबाला शोभतो, तिथं राहू द्या. आमच्या चावडीचं आम्ही बघू. त्यो जमादार आम्हाला बी नकोच हाये, पर त्याच्या जागी तुम्ही बसायचं असं बी न्हाई. बैलाला कोनाचं राज कळतं? त्याला चारा कळतो."

तो तरुण तिच्याच गावचा, भावाबरोबर खेळलेला. खाली मान घालून म्हणाला, "ताई, पर आधी कोन?"

"ओटीवानी," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. जमादार तालुक्याला गेला होता तोवर आमच्या माणसांनी सात जोड्या सोडल्या, पल्याडच्यांनी डोहाच्या काट्या काढल्या. इकडून बैलं निघाली, तिकडून पल्याडच्या बायका भरलेल्या घागरी घेऊन निघाल्या. नदीच्या मध्यावर भेट झाली. भागीरथीच्या आईने पहिली घागर उतरवली ती माझ्या मुलीसाठी. तिने मला ओळखलं, म्हणाली, "तूच ना गं थोरली? भागी लई सांगती तुझं." काय सांगते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जमादार परत आला. दुसऱ्या सकाळी भागीरथीला नाक्यावर नेलं आणि उन्हात उभं केलं. बैलं कुणी सोडली ते सांग. ती म्हणाली, बसायला सांगा, मग सांगते. त्याने बसू दिलं नाही, तिने सांगितलं नाही. गाव नाक्यासमोर येऊन बसलं. पाटील, मारवाडी काकू, म्हातारे, सगळे जमिनीवर. कुणी उठलं नाही. मीही बसले, आणि मनात हिशेब चालला होता तो हा की माझ्यासाठी यातले किती आले असते. दिवस कलला तसा जमादारच थकला आणि पायरीवर टेकला. ती लगेच त्याच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "हां साहेब, आता बोला." बसलेल्या गावात हसू फुटलं. जमादाराने समोरच्या गर्दीकडे बघितलं, तिला जा म्हणून हात केला आणि आत गेला.

तिच्या तळव्यांना फोड आले होते. रात्री मी खोबरेल लावत होते तेव्हा माझ्याने राहवलं नाही. म्हणाले, "सतरंजी धुवायला नव्हती दिली."

"म्हाईत हाये. कनगीमागं होती. तुमची लाल तुळस दिसत होती."

"मग घेतली का नाहीस?"

"तुमच्या खोलीत तुमचं राज, आक्का. न इचारता हात घातला असता, मंग नदीत कोन्या तोंडानं बसले असते?"

त्या रात्रीइतकी मी तिच्यावर कधीच चिडले नाही. लपवलं मी, मुलगी आजारी माझी, उन्हात उभी राहिली ती, आणि वर मोठीही तीच झाली. तेल लावलं मात्र दोन्ही पायांना. नीट लावलं.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत सगळं संपलं. जमादार पळाला, त्याची बायको दोन लेकरं घेऊन मागे राहिली. ती आमच्या दारात आली आणि तिच्यामागून छावणीतले तरुण आले, रागाने पेटलेले. भागीरथी धावत माझ्याकडे आली. "आक्का, सतरंजी घेऊ?" त्या घाईतही विचारलं. मी क्षणभर थांबले, तेवढं सुख मी घेतलं, आणि म्हणाले, "घे." तिने अंथरली, जमादाराच्या बायकोला बसवलं आणि त्या तरुणांना म्हणाली, "बसा. उभ्यानं बोलून माझी मान दुखती." ते बसले. बसलेल्या माणसाला हात उचलायला जड जातं, हे मी तेव्हा पाहिलं. पुढच्या आठवड्यात आमच्याच बैलगाडीने ती बाई तिच्या भावाकडे सुखरूप गेली.

पुढे मी मुलाकडे जुन्या जालन्यात राहायला आले. भागीरथी गावातच राहिली, सतरंजीही मी तिथेच ठेवली, आणि ती माझ्याआधी गेली. शेवटी भेटायला गेले तर ती बाजेवर आणि मी खाली. तिला ते चालेना. सुनांना सांगून स्वतःला खाली सतरंजीवर घ्यायला लावलं, माझ्या शेजारी. माझा हात धरून होती.

तेराव्याला पल्याडचे लोक आले. म्हणाले, ती सतरंजी आमच्या देवीच्या देवळात ठेवतो. मी म्हणाले, ठेवतो काय? मागा. त्यांनी मागितली. मी दिली. पाच वर्षांपूर्वी ओटीला गेले होते. पट्टे विटलेत, तुळशीचे दोन धागे उरलेत. नवा पुजारी आल्यागेल्याला सांगत होता, ही भागीरथीबाईची सतरंजी. मी त्याला म्हणाले, बाबा, माझी आहे ती, घनसावंगीची. तो "हो आजी" म्हणाला आणि पुढच्या माणसाला परत तेच सांगू लागला.

म्हणून इथे लिहून ठेवते. सतरंजी माझी होती. तिच्यावर बसवायची भागीरथी.